डार्विनजवळ कॅरॅव्हॅन स्वस्तात कुठे लावावी?

कोल्हापुरी_कांगारू

मंडळी, नमस्कार.

जून-जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनहून उत्तरेला डार्विनला कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, ओढत न्यायचं घाटतंय. आम्ही दोघं आणि दोन पोरं गाडीनं जाणार. आई-बाबा कोल्हापूरहून विमानानं डार्विनला उतरतील. तिथून पुढे दहा-बारा दिवस सहाही जण एकत्र. आई-बाबा कॅरॅव्हॅनच्या मोठ्या पलंगावर, पोरं बंकवर आणि आम्ही बाहेर तंबूत, असा बेत आहे.

काल रात्री शहरातल्या कॅरॅव्हॅन पार्कांचे दर बघितले आणि झोप उडाली. पॉवर्ड साईट, म्हणजे वीज जोडून मिळणारी जागा, दोन माणसांची म्हणून दाखवतात. पुढे प्रत्येक डोक्यामागं जास्तीचे पैसे. सहा जणांचे मिळून रात्रीचे नव्वद डॉलरच्या वर चाललेत. एवढ्यात साधं मोटेल येईल की हो.

तर विचारायचं हे की शहराच्या जवळपास स्वस्त किंवा फुकट लावायला जागा आहे का? समुद्राकाठी मोठमोठी पार्किंगं नकाशात दिसतात, तिथं रात्र काढली तर चालतं का? पॉवर लागेलच का? बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं, त्यामुळं संडास जवळ पाहिजे ही एकच अट. बाकी आम्ही कुठंही राहू.

गप्पिष्ट

पहिला! आता धागा वाचतो.

पामर्स्टनवाली

स्वागत आहे. इथली रहिवासी म्हणून आधी समुद्राकाठच्या पार्किंगचं सांगते: नाही चालत. डार्विन महापालिकेच्या हद्दीत सार्वजनिक जागी, म्हणजे रस्त्यावर, बागेत किंवा किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपायला बंदी आहे. ईस्ट पॉइंट, मिंडिल, नाइटक्लिफ, सगळीकडे पाट्या आहेत. ड्राय सीझनमध्ये, म्हणजे पाऊस नसलेल्या महिन्यांत, महापालिकेचे रेंजर पहाटेच फेरी मारतात आणि खिडकीवर टकटक करून दंडाची पावती देतात. आई-बाबांसोबत हा प्रकार नकोच.

आता स्वस्ताचं. स्टुअर्ट हायवेनं शहरापासून जितकं दक्षिणेला जाल तितका दर उतरतो. हॉवर्ड स्प्रिंग्ज आणि कूलालिंगा तिसेक किलोमीटरवर. तिथे पार्कं आहेत, मोठी सुपरमार्केटं आहेत, पण दर जवळपास शहराचेच. हम्प्टी डू चाळीसेक, बेरी स्प्रिंग्ज पन्नासेक. बॅचलर शंभराच्या आसपास आणि त्याच्या जरा पुढे अ‍ॅडलेड रिव्हर नावाचं गाव. या गावच्या शोग्राऊंडवर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, कॅरॅव्हॅन लावू देतात. संडास, गरम पाण्याची अंघोळ, मोठाली झाडं आणि शहराच्या मानानं बराच कमी दर. नदी आहे, पण तिच्या काठाला पोरांना जाऊ द्यायचं नाही. मगरी आहेत, आणि हे मी घाबरवायला म्हणून सांगत नाहीये.

आणि एक विचारते, जुलैच का? इथे सगळ्यात महागडा आणि गर्दीचा महिना तोच. मे महिन्यात आलात तर हवा तशीच छान असते आणि धबधब्यांना पाणीही जास्त.

कोल्हापुरी_कांगारू

ताई, मनापासून धन्यवाद. जुलै कारण शाळा. पोरांची आई शिक्षिका आहे, सुट्टीबाहेर पाय काढता येत नाही.

हिशोबी

मी जरा विरस करतो. दिवे घ्या.

ब्रिस्बेन ते डार्विन साधारण ३,४०० किलोमीटर. मागे कॅरॅव्हॅन असताना शंभर किलोमीटरला १६ लिटर डिझेल धरा. म्हणजे एका बाजूला साडेपाचशे लिटरच्या आसपास. दोन डॉलर लिटर पकडलं तरी अकराशे डॉलर, आणि बार्कली हायवेवरच्या एकाकी पंपांवर दोनात भागत नाही. जाऊन-येऊन सव्वादोन हजार. बारा रात्रींच्या जागेत तुम्ही रात्रीचे चाळीस वाचवलेत तरी पाचशेच्या आत वाचतील. खर्च रस्त्यावर आहे, मुक्कामात नाही.

दुसरा पर्याय सांगतो. भाड्याच्या कॅम्परव्हॅन कंपन्यांना ड्राय सीझन सुरू होताना गाड्या उत्तरेकडे हलवायच्या असतात. ‘रीलोकेशन’ म्हणून शोधा. अगदी नाममात्र भाड्यात गाडी मिळते, कधीकधी डिझेललाही हातभार लावतात. अट एवढीच की ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या शहरात पोचवायची.

मुक्काम_पोस्ट

हिशोबी, रीलोकेशनच्या गाड्या एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत. जुलैत सहा जणांसाठी? विसरा.

बाकी तुमचा हिशोब बरोबर आहे, पण मग कोणी कॅरॅव्हॅन घेतलीच नसती.

हिशोबी

तेच तर माझं म्हणणं आहे. :ड

कोल्हापुरी_कांगारू

हिशोबीसाहेब, डिझेलचं गणित बायकोनं आधीच मांडून दाखवलंय, तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. पण सहा जणांची विमानाची तिकिटं, भाड्याची सात सीटर आणि दोन खोल्या धरल्या तर ते याहून वर जातं. शिवाय आई बाहेरचं खात नाही. स्वतःची शेगडी पाहिजेच. त्यामुळं कॅरॅव्हॅन नक्की, मुक्काम स्वस्त करा.

अण्णा_अ‍ॅडलेड

निवृत्तीनंतर आम्ही उभयता दर हिवाळ्यात उत्तरेकडे असतो, त्यामुळे चार गोष्टी खात्रीनं लिहितो.

पॉवर लागेल का? जून-जुलैत डार्विनला दिवसा तीस-बत्तीस आणि रात्री वीसच्या आसपास तापमान असतं. हवा कोरडी. म्हणजे गोव्याच्या जानेवारीसारखं धरून चाला. रात्री एसीची गरज नाही. छताची झडप उघडी ठेवून बारा व्होल्टचा छोटा पंखा लावलात की पहाटे पांघरूण शोधाल. तेव्हा अनपॉवर्ड साईट बिनधास्त घ्या. हेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात विचारलं असतंत तर उत्तर उलटं दिलं असतं. पावसाआधीच्या त्या उकाड्याला इथे ‘बिल्ड-अप’ म्हणतात. तेव्हा एसीशिवाय कॅरॅव्हॅनमध्ये झोपणं म्हणजे स्वतःला इडलीपात्रात ठेवणं.

पण अनपॉवर्डला मुख्य प्रश्न फ्रीजचा. तुमचा फ्रीज कुठला आहे? गॅस, बॅटरी आणि वीज अशा तिन्हीवर चालणारा जुन्या पद्धतीचा असेल तर उष्ण हवेत तो गॅसवर रडतखडत चालतो. आणि कॅरॅव्हॅन नीट समतल नसेल तर तेवढंही गार करत नाही. चाकाखाली फळी घालून, पाणपातळी लावून मगच गॅस पेटवा. सावलीच्या बाजूला फ्रीजची जाळी येईल अशी कॅरॅव्हॅन वळवून लावा. कॉम्प्रेसरवाला बारा व्होल्टचा फ्रीज असेल तर ही कटकट नाही, पण त्याला बॅटरी आणि सोलर पाहिजे.

आणि इथेच गंमत आहे. सोलर छतावर असेल तर कॅरॅव्हॅन उन्हात लावावी लागते, आणि उन्हात लावली की आत भट्टी. आम्ही कॅरॅव्हॅन झाडाखाली लावतो आणि घडीचं पॅनल लांब वायर लावून उन्हात मांडतो. सौ. दर दोन तासांनी त्याचं तोंड सूर्याकडे वळवते. मी वळवलं तर चुकीच्या दिशेला वळतं म्हणे.

जागा निवडताना खारफुटीपासून लांब राहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास खाडीकाठची चिलटं असा चावा घेतात की आठवडाभर खाजवत बसावं लागतं. डार्विनच्या भरती-ओहोटीत सात-आठ मीटरचा फरक पडतो, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथून ही सेना निघते.

गप्पिष्ट

अण्णा, इडलीपात्र. __/\__

मुक्काम_पोस्ट

पामर्स्टनवालींच्या पहिल्या प्रतिसादाशी थोडा असहमत. किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये आम्ही झोपलेलो आहोत. उशिरा पोचायचं, दिवा लावायचा नाही, खुर्च्या बाहेर काढायच्या नाहीत, पहाटे निघायचं. कुणी काही बोललं नाही. नियम आहेत ते तिथे तळ ठोकणाऱ्यांसाठी आहेत.

पामर्स्टनवाली

> नियम आहेत ते तिथे तळ ठोकणाऱ्यांसाठी आहेत.

नाही हो, नियम झोपणाऱ्यांसाठीच आहेत, पाटीवर तसं स्वच्छ लिहिलंय. तुमचं नशीब चांगलं होतं. तुम्ही छोट्या व्हॅनमध्ये दोघं असाल. यांची सात सीटर, मागे वीस फुटी कॅरॅव्हॅन आणि शेजारी तंबू. लपवणार कुठे?

दुसरं म्हणजे सकाळी आम्ही तिथे फिरायला जातो तेव्हा झुडपामागे जे काही पडलेलं असतं, ते पाहून तुमच्या ‘कुणी काही बोललं नाही’चा राग येतो. तुम्ही केलं असं म्हणत नाही. पण दोन वर्षं तुमच्यासारखे सभ्य आले की तिसऱ्या वर्षी कसे येतात ते आम्हाला बघावं लागतं.

मुक्काम_पोस्ट

झुडपाचा मुद्दा मान्य. आमच्या व्हॅनमध्ये स्वतःचा संडास आहे, नोंद घ्यावी.

फुकटच हवं असेल तर शहरात शोधू नका, रस्त्यात शोधा. स्टुअर्ट आणि बार्कली हायवेवर चोवीस तास थांबायची परवानगी असलेले रेस्ट एरिया आहेत. बाकं, छप्पर, काही ठिकाणी पाण्याची टाकी आणि खड्ड्याचा संडास. सगळ्याच रेस्ट एरियात रात्रभर राहता येत नाही, पाटी वाचा. विकीकॅम्प्स अ‍ॅपवर लोकांनी ताजे शेरे टाकलेले असतात, ते बघून ठरवा. चार वाजेपर्यंत पोचा. पाचला गेलात तर पिकल्या केसांच्या मंडळींनी सगळ्या सपाट जागा धरलेल्या असतात आणि खुर्च्यांचं वर्तुळ करून गप्पा सुरू झालेल्या असतात.

अण्णा_अ‍ॅडलेड

पिकल्या केसांच्या मंडळींतर्फे निषेध. आम्ही तीनलाच पोचतो.

सदाशिव_पेठ_३०

पुण्यातून वाचतोय. हे सगळं परदेशातलं वाचून छान वाटतं, पण आपल्याकडे हे कधी? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. त्याच वर्षी केरळनंही आणलं. प्रत्यक्षात कोकणात कॅरॅव्हॅन लावून, वीज-पाणी जोडून, मैला टाकायची सोय असलेली जागा कुणी पाहिली आहे का? का नुसतं धोरणच?

चूलमूल

कोकणात भाड्याच्या कॅरॅव्हॅननं फिरलोय. रिसॉर्टच्या आवारात लावू देतात, वीज घेऊ देतात, पैसेही खोलीच्या निम्म्यानं. पण मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची विचारलं तर मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी ड्रायव्हरनं सांगितलं, ताई, आतला संडास वापरूच नका, तो फोटोपुरता आहे.

गप्पिष्ट

‘फोटोपुरता आहे’ हे धोरणालाही लागू.

सदाशिव_पेठ_३०

+१

चूलमूल

बरं, मूळ धाग्याकडे. आईंचं खाणं हा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. रविवारी सकाळी डार्विनच्या रॅपिड क्रीक बाजारात जा. भेंडी, शेवग्याच्या शेंगा, कारली, दुधी, कढीपत्ता, ओली हळद, कच्ची पपई. आग्नेय आशियातल्या मंडळींनी हम्प्टी डूच्या आसपास पिकवलेली ताजी भाजी. आई हरखून जातील. शनिवारी पॅरॅप बाजार असतो, तो खायला जास्त चांगला. मिंडिलचा संध्याकाळचा बाजार गुरुवारी आणि रविवारी, एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. तिथे सूर्यास्त फुकट, बाकी सगळं महाग. घरून पोळीभाजी करून न्या, वाळूवर चटई टाका.

पोळ्यांसाठी सूचना: शेगडी कॅरॅव्हॅनच्या आत पेटवू नका. बाहेरच्या कडेला गॅसची जोडणी असते, त्यावर एक बर्नर लावा. तवा बाहेर, लाटणं आत. फोडणीचा वास गादीत शिरला की पुढची दहा रात्री मोहरी स्वप्नात येते.

कोल्हापुरी_कांगारू

चूलमूलताई, हे आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच विचारलं, तिथं पांढऱ्या रश्श्याला मटण मिळतं का. संपलं.

आता बाबांचा संडास. आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट आहे, म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायची, पण ते रिकामं करायला मला जाम कंटाळा येतो. सहा जणांनी वापरलं तर रोज करावं लागेल ना?

अण्णा_अ‍ॅडलेड

सहा जणांनी वापरलं तर रोजच. म्हणून नियम करा: रात्री फक्त वडिलांसाठी, आणि बाकी सगळे पार्काच्या संडासात. मग दोन-तीन दिवसांनी एकदा. डंप पॉइंट, म्हणजे मैला टाकायची जागा, बहुतेक पार्कांत आणि मोठ्या गावांत असतो. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं. वाऱ्याचं मी गमतीनं लिहीत नाही.

कॅसेट उचलून नेताना ओळखीचं कुणी भेटतंच. हॅलो म्हणायचं आणि चालत राहायचं.

हिशोबी

पॉवर, पाणी आणि डंप पॉइंट. म्हणजे दहा-बारा रात्रींतल्या दोन-तीनच रात्री पूर्ण सोयीच्या पार्कात काढल्या तर कपडे धुणं, टाकी भरणं, कॅसेट, बॅटरी सगळं होतं. बाकी रात्री स्वस्तात. सरासरी काढा, झटकन खाली येते.

धूळवाट

हिशोबींनी लाखाची गोष्ट लिहिली. त्यात लिचफील्ड घाला. डार्विनपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं राष्ट्रीय उद्यान. पोहण्याजोगे धबधबे आहेत आणि सरकारी कॅम्पग्राऊंड पार्कांपेक्षा खूप स्वस्त. वाँगी फॉल्सच्या कॅम्पग्राऊंडवर कॅरॅव्हॅन जाते. वीज नाही, अंघोळीची सोय आहे. तिथल्याच फ्लॉरेन्स धबधब्याच्या कॅम्पग्राऊंडला मात्र कॅरॅव्हॅन नेण्याच्या भानगडीत पडू नका, जागा तंबूवाल्यांच्या मापाच्या आहेत. कॅरॅव्हॅन वाँगीला सोडून गाडीनं जाऊन या.

दोन अटी. जागा आधी ऑनलाइन धरावी लागते, पूर्वीसारखं जाऊन पेटीत पैसे टाकायचे दिवस गेले. आणि २०२३ पासून बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्यांना पार्क पास काढावा लागतो. एका दिवसाचा, दोन आठवड्यांचा आणि वर्षाचा असे प्रकार आहेत. तुम्हाला दोन आठवड्यांचा सोयीचा पडेल. काकाडू या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाला हा पास चालत नाही, ते केंद्राच्या ताब्यात आहे, त्याचं तिकीट वेगळं.

आई-बाबांना बुली रॉकहोल आवडेल. खडकांत पायरी-पायरीनं साठलेलं पाणी, कडेला पाय सोडून बसता येतं. सकाळी लवकर जा, अकरानंतर पार्किंग मिळत नाही. रस्त्यात वाळवीची वारुळं लागतात. उत्तर-दक्षिण धार धरून उभी, पाटीसारखी पातळ. दुपारचं ऊन कमीत कमी अंगावर घ्यायची त्यांची युक्ती. अण्णा कॅरॅव्हॅन लावतात त्याच तत्त्वावर.

अण्णा_अ‍ॅडलेड

वाळवीशी तुलना सौ. ना वाचून दाखवली. तिला पटली.

मुक्काम_पोस्ट

मगरी? वाँगीला पोहता येतं म्हणताय आणि वर ताई म्हणतात नदीकाठी जाऊ नका.

पामर्स्टनवाली

चांगला प्रश्न. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा खाऱ्या पाण्यातल्या मगरी वर येऊ शकतात, म्हणून वाँगीचा डोह तेव्हा बंद असतो. ड्राय सीझनच्या सुरुवातीला रेंजर तपासणी करून खुला करतात. त्यामुळे तिथे पोचल्यावर पाटी बघायची: खुला असेल तरच उतरायचं. बेरी स्प्रिंग्जचंही तसंच. जिथे पाटीच नाही तिथे मगर आहे असं समजायचं. समुद्रात तर आम्ही इतकी वर्षं राहूनही जात नाही.

कोल्हापुरी_कांगारू

आम्ही १ जुलैच्या आसपास पोचू. त्या दिवशी काही विशेष असतं म्हणे?

पामर्स्टनवाली

टेरिटरी डे! १९७८ साली इथे, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी या आमच्या प्रांतात, स्वतःचं सरकार आलं त्याचा दिवस. वर्षातल्या या एकाच संध्याकाळी सामान्य माणसाला फटाके विकत घेऊन उडवता येतात, सहा ते अकरा. अख्खं डार्विन दिवाळी एका रात्रीत उरकतं. वाळकं गवत पेटतं, अग्निशमनवाले धावत असतात. सकाळी रस्ताभर कागदाचा लाल चुरा.

पोरांना मज्जा येईल, पण कॅरॅव्हॅनचं पुढचं कापडी छप्पर त्या रात्री गुंडाळून ठेवा. आमच्या ओळखीच्यांच्या छपराला बाणानं थेट भोक पाडलं होतं. आणि त्या रात्री शहरात स्वस्त तर सोडाच, महागही जागा मिळणार नाही. पुढे जुलैतच डार्विनचा शो, मग ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी घोड्यांची कप शर्यत. गर्दी ओसरतच नाही.

सदाशिव_पेठ_३०

सहा ते अकरा आणि मग खरंच थांबतात?

पामर्स्टनवाली

नाही.

चूलमूल

एक सुचवते. गावातल्या कुणाच्या आवारात लावता येत नाही का? हम्प्टी डूकडे लोकांच्या पाच-पाच एकरांच्या जागा असतात ना?

पामर्स्टनवाली

हो, आणि बरेच जण अ‍ॅपवरून अशी जागा भाड्यानं देतातही. पार्कापेक्षा स्वस्त, शांत, कोंबड्या-बिंबड्या असतात. घेताना तीन प्रश्न विचारा. कॅरॅव्हॅन वळवायला जागा आहे का? संडास कुठे आहे? आणि वीज देणार असाल तर बाहेरचा प्लग पंधरा अँपिअरचा आहे का? घरातला साधा प्लग दहाचा असतो, कॅरॅव्हॅनच्या वायरची पिन त्यात जातच नाही. पिन घासून बसवणारे महाभाग असतात, तो उद्योग करू नका.

@कोल्हापुरी_कांगारू, आमच्या ओळखीत एका मराठी कुटुंबाची तिकडे जागा आहे. विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पैसे घेणार नाहीत बहुतेक, पण पांढरा रस्सा चालेल.

हिशोबी

धाग्याचा सगळा हिशोब पांढऱ्या रश्श्यावर मिटला.

कोल्हापुरी_कांगारू

ताई, रस्सा पक्का. मसाला आई घेऊनच येतेय, विमानतळावर अडवला नाही तर. :)

सगळं वाचून असा बेत बसवलाय. बघा आणि चुका काढा.

जाताना रस्त्यात रेस्ट एरिया, चारच्या आत पोचून. थ्री वेजच्या तिठ्यापर्यंत बार्कली हायवे, मग स्टुअर्ट. डार्विनला पोचून पहिल्या तीन रात्री कूलालिंग्याच्या बाजूच्या पार्कात पॉवर्ड. आई-बाबा तिथंच उतरून आराम करतील, कपडे धुऊन होतील, टेरिटरी डे बघू. मग तीन रात्री वाँगी. मग दोन रात्री अ‍ॅडलेड रिव्हरचं शोग्राऊंड. शेवटी दोन-तीन रात्री हम्प्टी डूची जागा मिळाली तर तिथं, नाहीतर परत पार्क. काकाडू या खेपेला नाही. फ्रीज तिन्हीवाला आहे अण्णा, पाणपातळी आजच आणली.

धूळवाट

बेत चांगला. पण जुलैच्या सुट्टीत वाँगीच्या सलग तीन रात्री मिळतीलच असं धरू नका. आधी वाँगी बघा, तारखा मिळतील तशा घ्या आणि बाकीचं त्याभोवती बसवा. शोग्राऊंड लवचीक असतं, ते शेवटी ठरवलं तरी चालेल.

अण्णा_अ‍ॅडलेड

शोग्राऊंडला दोन रात्री असाल तर गावातली युद्धस्मशानभूमी बघा. १९ फेब्रुवारी १९४२ ला जपान्यांनी डार्विनवर बॉम्ब टाकले, त्यात गेलेल्यांपैकी काही तिथे आहेत. नदीच्या वळणावर, गर्द सावलीत, अतिशय नीट राखलेली जागा. वडिलांना इतिहासाची आवड असेल तर हायवेला लागून असलेल्या स्ट्रॉस, लिव्हिंग्स्टन या युद्धकाळातल्या धावपट्ट्याही दाखवा. फुकट आहेत, हिशोबींसाठी लिहितो.

आणि सूर्यास्तानंतर कॅरॅव्हॅन ओढत गाडी चालवू नका. कांगारू, गुरं, आणि साडेत्रेपन्न मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक. ती मागून आली तर घाबरून कडेच्या मातीत उतरू नका. वेग धरून सरळ चला, ती बघून घेते.

मुक्काम_पोस्ट

पहिल्या तीन रात्री पॉवर्डमध्ये घालवणं मला उलटं वाटतं. पॉवर्ड शेवटी ठेवा. परतीच्या आधी सगळं धुऊन, भरून निघता येईल.

पामर्स्टनवाली

आई-बाबा कोल्हापूरहून दोन-तीन विमानं बदलून येणार. पहिल्याच रात्री त्यांना अंधारात टॉर्च घेऊन संडास शोधायला लावणार का? पहिल्या रात्री पॉवर्डच. शेवटी हम्प्टी डूला नळ आहे, वॉशिंग मशीनही आहे. आत्ताच विचारलं, तारखा कळवा म्हणाले. व्यनि बघा.

कोल्हापुरी_कांगारू

बघितला! आईनं विचारलंय, मटण त्यांनी आणायचं का आम्ही.

पामर्स्टनवाली

आम्ही आणू. आणि मीही येणार आहे, माणसं तशी धरा.